हात खाली

मी बडबडी. उंब्रजला माझं माहेर हायवेच्या अगदी कडेला, दिवसभर ट्रकांची घरघर, त्यामुळे आमच्या घरात बोलायचं तर ओरडूनच बोलायचं अशी सगळ्यांना सवय. लग्न ठरलं तेव्हा आईने सासूबाईंना आधीच सांगून टाकलं होतं, "पोरगी कामाला लय चांगली हाय, पण तोंडाला कुलूप न्हाई." सासूबाई म्हणाल्या, "असू द्या की. आमच्यात कुनी बोलतच न्हाई, तेवढाच घरात आवाज."

खरंच कुणी बोलत नव्हतं. नवरा सैन्यात, वर्षातून दोनदा सुट्टीवर. सासरे दिवसभर उसात. घर पलूसपासून आत मळ्यात, शेजारच्या वस्तीवर जायचं तर दोन शेतं तुडवायची. सासूबाईंना एक प्रश्न विचारला की त्याचं उत्तर जेवणाच्या वेळी मिळायचं. मी म्हशींशी बोलायचे. मुलगी झाली तेव्हा मला वाटलं, चला, हक्काचं माणूस आलं ऐकायला.

पहिली दीड वर्षं मी तिच्याशी अखंड बोलले. भाकरी थापताना बोलले, धुणं धुताना बोलले, तिला मांडीवर घेऊन सासरच्या सगळ्या तक्रारी तिला सांगितल्या. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि नेमकी हसायची. येणारंजाणारं माणूस म्हणायचं, किती लक्ष देऊन ऐकते बघा. पाठमोरी असताना हाक मारली की मात्र ढिम्म. मग तेच माणूस म्हणायचं, हट्टी आहे, बापावर गेली. मलाही ते पटायचं, कारण तिचे वडील खरंच हट्टी आहेत.

एके दुपारी ती पाणंदीच्या मधोमध बसून मातीत बोटाने रेघा ओढत होती. मागून कारखान्याला ऊस नेणारा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्यांचा, वर स्पीकर लावून गाणी वाजवत. ड्रायव्हर हॉर्न देतोय, ओरडतोय, ही हलायला तयार नाही. मी पळत जाऊन तिला उचललं आणि तिथेच एक धपाटा घातला. "कान फुटल्यात का तुझं?" असं मी तिला विचारलं. ती रडायला लागली, मग माझ्या खांद्यावरून तिला ट्रॅक्टर दिसला आणि ती रडायची थांबली. तिला ट्रॅक्टर फार आवडायचा. हा आपल्या मागे उभा आहे, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा दिसत होतं. ड्रायव्हर खाली उतरला आणि हळू आवाजात म्हणाला, "वैनी, पोरीला ऐकू येतं न्हवं?"

दीड वर्षात घरातल्या कुणालाच सुचला नाही तो प्रश्न एका परक्या माणसाने विचारला. मी त्याला उलटून काहीतरी बोलले. त्या धपाट्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

सांगलीला झोपेचं औषध पाजून, डोक्याला वायरी लावून तिची तपासणी झाली. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही असं निघालं. ऑपरेशनचं विचारलं तर पुढच्या तपासणीत कळलं की कानापासून मेंदूकडे जाणारी नसच फार बारीक आहे, ऑपरेशनचा उपयोग होणार नाही. डॉक्टर चांगले होते, त्यांनी कागदावर कान काढून दाखवला. मी तो कागद नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला. बाहेर येऊन स्टँडवर बसले, एक बस सोडली, दुसरी सोडली. हे मी कुणाला सांगू, याचा विचार करत होते. नवरा फोन लागणार नाही अशा ठिकाणी होता. आईला सांगितलं असतं तर ती रडली असती आणि मलाच तिची समजूत घालावी लागली असती. मांडीवर जी होती तिला सगळं सांगायची सवय होती, पण ते आता बंद पडलं होतं.

कानामागे लावायची यंत्रं मिळाली आणि आठवड्यातून दोनदा सांगलीला बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे जायचं ठरलं. बाई मनापासून शिकवायच्या. त्यांच्याकडे येणारी दोनतीन मुलं यंत्र लावून खरंच बोलायला लागली होती, ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, घरात हातवारे पूर्ण बंद करा. हाताने काम भागतंय म्हटल्यावर मूल तोंड कशाला उघडेल? आधी शब्द, मग वस्तू." मला कुणीतरी काहीतरी करायला सांगितलं याचाच इतका आनंद झाला की मी ते वाक्य देवाच्या शब्दासारखं घरी घेऊन आले.

घरात नवीन कायदा सुरू झाला. तिने माठाकडे बोट दाखवलं की मी तिचे दोन्ही हात खाली दाबायचे. "हात खाली." मग हनुवटी धरून तिचं तोंड माझ्याकडे वळवायचं. "माझ्याकडं बघ. पा. पा म्हण." ती रडायची, पुन्हा हात वर करायची, मी पुन्हा खाली दाबायचे. कधी कधी अर्धा तास जायचा. एकदा सासूबाईंना मी पडवीत चोरून तिला पाणी पाजताना पकडलं. मी चिडून म्हणाले, "आवं, मी एकटीनंच कडक ऱ्हाऊन काय उपेग?" त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि म्हणाल्या, "लेकरू तान्हेलंय. त्याची शाळा कशापाई घेतीस?" त्यांच्या तोंडून एका दमात निघालेली दोन वाक्यं मी पहिल्यांदाच ऐकली. पण तेव्हा मला ती सासूची ढवळाढवळ वाटली.

बसमधल्या बायका तिचा गाल ओढून नाव विचारायच्या. मी सांगायचे. मग त्यांना कानामागची यंत्रं दिसायची आणि त्या एकदम सरकून आम्हाला जागा करून द्यायच्या. त्या जागेचा मला फार राग यायचा आणि तरी मी बसायचे, कारण पाय दुखायचे. परतीच्या वाटेवर ती खिडकीतून बघायची आणि मी तिच्याकडे बघायचे. तिला काय आवडतं, कशाची भीती वाटते, रात्री दचकून उठते ते काय बघून, मला यातलं काहीही माहीत नव्हतं. एका गोधडीत झोपत होतो आम्ही. माझ्या पोटची पोर, आणि तिची माझी ओळख व्हायची राहून गेली होती. दोन वर्षांत तिला तीन आवाज काढता येऊ लागले. त्यातला एक पाण्याचा होता असं मी सगळ्यांना सांगायचे.

ती चार वर्षांची झाली तेव्हा तिचे वडील दोन महिन्यांची सुट्टी काढून आले. तिसऱ्याचौथ्या दिवशी मी शेतात जेवण घेऊन गेले तर उसाच्या कडेने मला एक आवाज ऐकू आला. हसण्याचा. पोटातून येणारं, थांबता न येणारं हसू. मी ओळखलंच नाही. पुढे जाऊन बघते तर बाप आणि लेक वाकून बांधाने चालली आहेत. त्यांनी मूठ वर केली की ती जागच्या जागी थांबते. पंजा खाली दाबला की खाली बसते. दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेऊन पुढे दाखवली की ती तिकडे बघते. पलीकडे एक मुंगूस होतं. मग तिने मूठ वर केली आणि हे थांबले. तिने पंजा दाबला, हे उकिडवे बसले. माझ्या मुलीने कुणाला तरी काहीतरी सांगितलं होतं आणि त्याने ते ऐकलं होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. मी जेवणाचा डबा बांधावर आपटला. "दोन वरसं मी मरमर मरतीया," मी म्हणाले, "आन् तुमी चार दिसांत समद्यावर पानी फिरवा."

हे शांतपणे म्हणाले, "अगं, तिकडं आमी असंच बोलतो. डोंगरात गस्तीवर असताना तोंड उघडलं की मानूस जातं. दिवस दिवस बोलतो हातानं, काय अडत न्हाई."

"तुमचं अडत न्हाई. तुमी जाताय निघून. हितं मला करायचंय."

खरं कारण मी बोलले नाही. ती त्यांच्याशी हसली होती, माझ्याशी नाही. दोन वर्षं रोज तिच्यासमोर तोंड फाडून बोलणारी मी, आणि तिला सापडला तो दोन महिन्यांचा पाहुणा. मला माझ्याच नवऱ्याचा मत्सर वाटला, आणि तो मी बाईंच्या कायद्यात गुंडाळून त्यांच्यासमोर ठेवला. हे माझं ऐकतात. हट्टी असले तरी घरातल्या कामात माझं ऐकतात, ती त्यांची रीत आहे. त्या दिवसापासून त्यांनी तिच्यापुढे हात उचलला नाही. ती दोनचार दिवस त्यांच्यासमोर मूठ धरून उभी राहायची. ते माझ्याकडे बघायचे आणि तिला उचलून घ्यायचे.

सुट्टी संपली. पलूसच्या स्टँडवर मिरजेची गाडी लागली. ह्यांनी ट्रंक वर टाकली, सासूबाईंच्या पाया पडले, मुलीचा मुका घेतला आणि दाराकडे निघाले. माझा हात सोडवून घेऊन ती दोन पावलं पुढे गेली आणि तिने मूठ वर केली. थांब. हे पायरीवर थांबले. एवढ्या गर्दीत एका सैनिकाला त्याच्या चार वर्षांच्या मुलीने थांबायचा हुकूम दिला होता आणि त्याने तो पाळला होता. काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून त्यांचा उजवा हात थोडा वर आला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मानेने नाही म्हणाले. हात खाली गेला. ते वळले आणि आत चढले. गाडी स्टँडच्या बाहेर पडेपर्यंत ती मूठ तशीच वर धरून उभी होती.

त्यानंतर तिने मागणं सोडलं. पाणी स्वतः जाऊन प्यायची, भूक लागली की चुलीपाशी येऊन बसायची, कशालाही बोट दाखवायची नाही. ते तीन आवाजही बंद झाले. मी हनुवटी धरून तिचं तोंड माझ्याकडे वळवलं की ती डोळे मिटून घ्यायची. घट्ट, कपाळाला आठ्या पडतील इतके. नको असलेलं ऐकू येऊ नये म्हणून आपण कान झाकतो, तिने डोळे झाकले. मी तिची हनुवटी धरून बसलेली आणि समोर ते मिटलेले डोळे. एवढी एकटी मी कधीच नव्हते, त्या दोन बस सोडल्या त्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी कमीत कमी ती माझ्याकडे बघत होती.

सांगलीच्या बाईंसमोर तिने पूर्ण तासभर डोळे मिटून ठेवले. तास संपल्यावर बाई बराच वेळ वही चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, प्रत्येक मुलाला हेच लागू पडतं असं नाही. हिला यंत्राचा फायदा फारसा होतच नाहीये. हे मी तुम्हाला आधी बोलायला हवं होतं." त्यांनी मला कर्णबधिर मुलांच्या एका शाळेचा पत्ता दिला. मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. पण बाईंनी नुसता नियम दिला होता, स्टँडवर मान हलवली होती ती मी.

शाळेत मधली सुट्टी होती. अंगणात पन्नाससाठ मुलं आणि घंटा नाही, ओरडा नाही, फक्त पायांचे आवाज आणि मधूनच एखादं मोकळं हसू. सगळ्यांचे हात चालू. माझ्याच वयाची एक शिक्षिका पुढे आली. ती स्वतः बहिरी होती. मला तिने नुसती मान लववून नमस्कार केला आणि मुलीसमोर खाली बसली. हातांनी तिला काहीतरी विचारलं, चेहऱ्यावर मोठं प्रश्नचिन्ह. माझ्या मुलीने तिच्या हातांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

शिक्षिकेला समजलं. तिने असं पूर्वी पाहिलेलं असणार. ती नुसती माझ्याकडे बघत थांबली. मी खाली बसले. पाठीमागून मुलीचे हात सोडवून पुढे आणले. ते घामेजलेले होते. मला काय करावं कळेना, मी ते तसेच तिच्यासमोर धरले आणि सोडून दिले. ती बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसली. मी सगळ्यांसमोर रडले. मोठ्याने रडले, आणि तिथे एकाही मुलाने वळून बघितलं नाही.

सांगायला हे दोन ओळींत होतं, पण ती हात वर करायला लागली त्याला चार महिने गेले. घरच्यांसाठी शाळेत शनिवारी वर्ग असायचा, तिथे मी बसायला लागले. माझ्याइतकी ढ विद्यार्थिनी त्या वर्गात आली नसेल. कारण माझं तोंड बंद होईना. हातांनी एक खूण करायची आणि तोंडाने दहा वाक्यं बोलायची. शिक्षिका माझ्या ओठांवर बोट ठेवायची आणि हसायची. फोनवर मी ह्यांना सांगितलं, आता तुमी हातानं बोला तिच्याशी. ते व्हिडिओ कॉलवर रोज मूठ वर करून बघायचे. ती पडद्याकडे बघून उठून जायची. एके दिवशी बसली. तो सगळा काळ ते काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

आता ती सात वर्षांची आहे. रोज जाऊन येऊन जमेना, म्हणून शाळेच्या वसतिगृहात असते. सोमवारी मी सोडते, शनिवारी आणते. तिथे तिला मैत्रिणी आहेत, भांडणं आहेत, एक लाडकी आणि एक नावडती ताई आहे, असं मला मिळालेल्या तुकड्यांवरून वाटतं. घरी पाच दिवस पुन्हा म्हशी आणि मी. मी आरशासमोर उभी राहून बोटं वळवत असते. सासूबाई दारातून बघतात आणि कधी कधी त्याही दोन खुणा करून बघतात.

गेल्या महिन्यात एका रविवारी पडवीत बसून ती मला काहीतरी मोठी गोष्ट सांगत होती. हात भराभर चालले होते. मला फाटक कळलं, मुली कळल्या, मी कळले. मग तिने एका मुलीची नक्कल केली, जाडी बोटं अडखळत हलवणारी, सोबत तोंड वेडंवाकडं करणारी. नक्कल इतकी झकास होती की मी खदखदून हसले. पुढचं काही कळत नव्हतं, तरी हसत राहिले, तिला बरं वाटावं म्हणून.

तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, काय समजलं? मी फाटक आणि मुली एवढ्याच खुणा करून दाखवल्या. तिने हात झटकला. काही नाही. आणि उठली.

ती खूण मी ओळखली. आमच्या घरात पाहुणे आले आणि चारचौघं काही बोलून हसलो की ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत विचारायची, काय, काय? आणि आम्ही सगळे हाच हात झटकायचो. काही नाही. नंतर सांगते. तो झटका लागतो कुठे, हे मला त्या दिवशी कळलं.

मी जमिनीवर जोरात पाय आपटला. ती वळली. मी म्हणाले, पुन्हा सांग. ती थोडा वेळ उभीच राहिली, खरंच हवंय का हे बघत. मग येऊन बसली आणि पहिल्यापासून सुरू केलं, हळूहळू, एकेक खूण सुटी करून. तीनदा मी तिला थांबवलं. तीनदा तिने मागे जाऊन सांगितलं.

गोष्ट अशी होती. सोमवारी मी तिला सोडून फाटकात उभी राहून खुणांनी तिच्याशी बोलत होते. ते एका मोठ्या मुलीने पाहिलं आणि नंतर सगळ्या मुलींसमोर माझी नक्कल केली, माझी अडखळणारी बोटं आणि सोबत चालणारं माझं तोंड. सगळ्या हसल्या. म्हणून ही त्या मुलीच्या बोटाला चावली. तिथे बोटाला चावणं हा फार मोठा गुन्हा. तिला दिवसभर एकटीला बसवलं. तिने त्या मुलीला सांगितलं होतं, माझी आई अजून शिकते आहे, तिला हसायचं नाही.

आणि मी नेमकी तिथेच हसले होते.

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तिने विचारलं, तुला राग आला? मी चावले म्हणून?

मी मान हलवून नाही म्हणाले. माझ्यासाठी कुणी कुणाला चावलंय, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. हे तिला सांगायचं होतं. मी हात उचलले, आणि ते हातांनी कसं सांगायचं हे मला येत नव्हतं.